शेवटच्या बांधाला पहिलं पाणी

बिरोबावाडी, ता. इंदापूर
२० एप्रिल १९९८

चि. मल्हार,

आशीर्वाद. मनिषालाही. तुझा उजवा हात गळ्यात बांधलेला असणार, तेव्हा हे पाकीट तिनेच फोडलं असेल आणि वाचूनही तीच दाखवत असेल. मनिषा, एकही वाक्य गाळू नकोस. तुझ्या नणंदेची वाक्यं गाळली की उरलेली जास्त बोचतात.

बारामतीच्या दवाखान्यातून तुला पिंपळीला सासऱ्यांकडे हलवल्याचं कळलं. बरं झालं. तिथं कालवा आहे, गारवा आहे, दूध घरचं आहे. हातात सळई घातली म्हणे. खांद्याच्या हाडाचं डॉक्टर काय म्हणतात ते नीट कळव. मी दवाखान्यात आले नाही, याचा राग धरला असशील तर धर. मी आले असते तर बोलले असते, आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

इकडची खबर सांगते. धरणकाठच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर पोलीस बसलेत. त्यांचा चहा दादासोंच्या मळ्यातून येतो. आपल्या पाणी संस्थेचे उपाध्यक्ष, तालुक्यातले मोठे ऊसवाले, ते चहा पाजणारच. पाणी पाजायचं होतं तेव्हा मात्र हात आखडला. त्या चेंबरातून पाणी अजून उसातच चाललंय. दंगल झाली, रक्त सांडलं, माणसं आत गेली, पण उसाची पाळी एक दिवस चुकली नाही. याला म्हणतात चोख व्यवस्था.

आपल्या वाडीची धोंडाबाई दवाखान्यातून घरी आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. तुला माहीत नसेल म्हणून लिहिते, कारण तुला तोवर जीपमध्ये घातलं होतं: तिची बोटं कुणाला सापडली नाहीत. ती चेंबरात पडली आणि पाण्याबरोबर पाटानं उसात गेली. मी तिला भेटायला गेले तर मलाच धीर देते. म्हणते, "बाई, अंगठा हाय सही करायला, आन् बोट हाय दाखवायला. गरिबाला आनिक काय लागतंय?" सगळ्या बायका हसल्या. 

तुझे दाजी म्हस्कू आणि वाडीतला सिद्धू कोठडीत आहेत. मी भाकरी घेऊन गेले होते. म्हस्कू गजाआडून म्हणाला, "मल्हारचा हात हालतोय का, इचारून ठीव." बाकी काही बोलला नाही. तू त्याला ओळखतोस. त्याला बोलायला लावायचं म्हणजे दगडाला घाम आणायचा.

आबा बरे आहेत. जेवण कमी झालंय. काठीशिवाय चालायची सवय करतायत, डाव्या अंगाला झुकतात. त्यांचं पुढच्या पत्रात लिहीन.

आता कामाचं. मनिषानं निरोप्याकडून सांगितलं की तू शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारलास, "तिसऱ्या टप्प्याचा अहवाल गेला का?" ती रडत होती आणि तू अहवाल विचारत होतास. मल्हार, मी इंदापूरच्या वाचनालयातलं अर्धं कपाट वाचून काढलंय. राजे वाचले, सेनापती वाचले, बंडं वाचली. स्वतःचं हाड मोडलेलं असताना अहवाल विचारणारा माणूस मला अजून कुठल्या पुस्तकात भेटलेला नाही.

तुझ्या कार्यालयातला तो तक्ता मी काल जाऊन पाहिला. टेबलामागची अख्खी भिंत. प्रत्येक कामाची आडवी पट्टी, झालेल्या कामाला हिरवा रंग. धरणातून पाणी उचलायची जॅकवेल हिरवी, मोटारी हिरव्या, पहिला टप्पा हिरवा, दुसरा हिरवा, सोलापूर रस्त्याखालून पाइप नेला तोही हिरवा. तिसऱ्या टप्प्यात बोटभर पांढरं उरलंय. त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि वाटलं, एवढा हिरवा रंग आपल्या वाडीनं जन्मात पाहिला नसेल. आणि वाडीचं शिवार खिडकीतून दिसावं तसं डोळ्यांपुढं उभं राहिलं: कुसळं, दगड आणि कोरडा पाइप.

आठवतं, संचालकांच्या बैठकीत मी तुला विचारलं होतं, "मल्हार, पाणी कुठवर आलं?" तू उत्तर दिलंस, "आक्का, काम ब्याण्णव टक्के झालंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी विचारलं होतं. तू टक्के सांगितलेस.

जाऊ दे. तू आजारी आहेस.

एकच विचारते. जबाबात तू दोन नावं दिलीस. नीट पाहिलं होतंस ना? भर दुपार होती.

उत्तर लिही. मनिषाच्या हातून चालेल.

तुझी आक्का,
नकोशी


बिरोबावाडी
३ मे १९९८

मल्हार,

या खेपेला ख्यालीखुशाली विचारत नाही. तुझं उत्तर पोचलं, त्यात तीही नव्हती.

संस्थेच्या छापील कागदावर, टंकलेखन करून पाठवलंस. खाली डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही.  वरचा मजकूर असा: "संस्थेचं ध्येय सभेत ठरतं, कामाचं वेळापत्रक कार्यालयात ठरतं. दोहोंची गल्लत करू नये." आणि शेवटी, "जबाब दिला आहे. तो योग्य आहे."

आधी तुझ्या बाजूचं जे खरं आहे ते कबूल करते, म्हणजे पुढचं ऐकताना तुला पळवाट राहणार नाही. तू लिहितोस, काठच्या सभासदांना पाणी सुरू करून त्यांची पाणीपट्टी घेतली नसती तर बँकेनं पुढचा हप्ता दिला नसता, आणि पाइप सोलापूर रस्त्याच्या अलीकडेच गंजला असता. खरं आहे. बँकेचा साहेब येई तेव्हा त्याला वाहतं पाणी दाखवावं लागे, तेही खरं. तू एक पैसा खाल्ला नाहीस. एक सांधा गळत नाही. ठरल्या तारखेला ठरलेलं काम झालं नाही असा एक महिना मला दाखवता येणार नाही.

आणि तरीही वाडी कोरडी आहे. का?

कारण संस्था निघाली तेव्हा पहिला ठराव काय होता? मी मांडला होता, बिरोबाच्या माळावर, ट्रॉलीवर उभी राहून. माझं नाव पुकारलं की नवखी माणसं हसतात. त्या दिवशीही हसली होती. मग मी त्यांना आबांची रीत सांगितली. मेंढरं पाणवठ्यावर आली की एडका सगळ्यांत पुढं घुसतो. त्याला घुसू दिलं तर तो पाणी गढूळ करतो आणि मागची कोकरं तोंड न लावता परत फिरतात. म्हणून धनगर पाणवठ्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहतो. आधी कोकरं, मग व्यालेल्या मेंढ्या, मग कळप, सगळ्यांत शेवटी एडका. एडक्याशी त्याचं वैर नसतं. एडका शेवटी पितो, पण पितोच. मी म्हणाले, आपल्या संस्थेत हीच रीत. शेवटच्या बांधाला पहिलं पाणी. पाइपचं टोकाचं तोंड आधी उघडायचं, मग एकेक मागे येत धरणकाठाशी यायचं. हात वर झाले. दादासोंचाही झाला. तेव्हा पाइपच नव्हता, हात वर करायला काय जातंय?

तू तेव्हा नुकता इंजिनियर होऊन आला होतास. ठराव तूच सुवाच्य अक्षरात लिहून कार्यालयात लावलास. आणि मग त्याच्या शेजारी तो तक्ता लावलास, आणि पुढची तीन वर्षं फक्त तक्त्याकडं पाहिलंस.

तू टप्पे पाडलेस. पहिला टप्पा झाला, त्याची तोंडं उघडलीस. काठच्या माणसानं पाणी पाहिलं आणि काय लावलं? ऊस. दुसरा टप्पा झाला, तोंडं उघडलीस, पुन्हा ऊस. तक्त्यावर टप्पा संपला. शिवारात तो तेव्हाच सुरू झाला होता. उभा ऊस तोडून पाणी पुढं सोडा, असं कोण म्हणणार? पाइप वाडीत पोचला तोवर पाणी वाटेतच संपलं होतं. तू एडक्यांना आधी पाजलंस, कारण ते पाण्याजवळ उभे होते. दुसरं काही कारण नव्हतं. हाताशी आलं ते केलं. तोंडं उघडून बँकेच्या साहेबाला दाखवून पुन्हा कुलूपबंद करता आली असती. हंगामी पिकापुरतंच पाणी, ऊस लावला तर तोंड बंद, असं लिहून घेता आलं असतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ते वेळापत्रकात बसत नाही." मल्हार, ज्यात संस्थेचं कारणच बसत नाही, ते कसलं वेळापत्रक? गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली, फक्त चुकीच्या गावाला!

हे सगळं मी सभेत बोलले असते आणि तू उत्तर दिलं असतंस, तर भावा-बहिणीचं भांडण म्हणून लोकांनी करमणूक करून घेतली असती. पण आता मध्ये नऊ एप्रिलची दुपार आहे. तू जबाबात ती जशी सांगितलीस तशी ती घडली नाही. मी सांगते. मनिषा, तूही ऐक.

संचालकांनी ठरवलं होतं आणि तू सही केली होतीस: बारा वाजता पहिलं चेंबर बंद, मग पुढचं, असं रस्त्यापर्यंत. आठ दिवस सगळं पाणी वाडीला. बायकांनी सकाळपासून पाट झाडले होते. गजी नाचणाऱ्यांनी ढोल आणले होते, पहिल्या पाण्यावर टाकायला भंडारा घेतला होता. आबांनी आदल्या दिवशी माळावरची दगडी डोण घासली. कोकरांना पाणी पाजायची ती जुनी डोण, इतक्या वर्षांत पालापाचोळ्यानं भरलेली. नारळाच्या शेंडीनं घासली आणि मला म्हणाले, "मल्हारनं चावी फिरीवली की बगायचंय. म्या येतो काठाला."

तू आलास. हातात व्हॉल्व्हची चावी, तो कमरेएवढा लोखंडी दांडा. आणि जीपमध्ये तुझ्याशेजारी दादासो. 

तू चेंबरवर चढून म्हणालास, "उसाची पाळी अर्ध्यावर आहे. पंधरा दिवस थांबा."

तिसऱ्यांदा, मल्हार. पंधरा दिवस थांबा, हे तिसऱ्यांदा.

सिद्धू ओरडला, "सायेब, उसाला पंधरा दिस, आन् आमाला पंधरा वर्सं व्हय?"

दादासो जीपमधूनच म्हणाले, "पानी चढावर चढत न्हाय, त्येला आमी काय करावं? तुमच्या बिरोबाला सांगा वडून न्ह्यायला." त्यांची माणसं हसली. ऊसतोडीचे कोयते हातात होते; तोड कधीच संपली होती, कोयते कशाला आणले होते ते त्यांनाच ठाऊक.

मग मी कठड्यावर चढले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. "एडका पाणवठ्यावर घुसला तर काठी कुठं बसते, ते माझ्या बापाला विचारा!" लोकांनी आरोळी ठोकली. मी दादासोंकडं पाहून बोलले होते. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही.

धोंडाबाई चेंबरात उतरली. व्हॉल्व्हच्या डोक्यावर हात ठेवून बसली आणि तुला म्हणाली, "लाव चावी. न्हायतर माझा हात काड." तू पुढं झालास. तिला उठवायला की चावी लावायला, हे मला अजून कळलेलं नाही. तुलाही कळलं होतं का? तेवढ्यात दादासोंचा माणूस मानसिंग वरून वाकला आणि त्यानं कोयता मारला. ऊस तोडावा तसा, बुडातून, एका घावात. ती हाताकडं पाहत राहिली. पाटातलं पाणी लाल झालं, मग पुन्हा साफ झालं, आणि वाहत राहिलं.

त्यानंतर माणसं माणसं राहिली नाहीत. दगड सुटले. जीपची काच फुटून दादासोंच्या कपाळात घुसली. मानसिंगला बायकांनी खाली पाडून पायतळी तुडवलं, त्याचा कान फाटून लोंबत होता. एकाचे दात मी स्वतः मातीत पडलेले पाहिले. कोयत्याच्या पाठीनं, ढोलाच्या टिपरूनं, हाताला लागेल त्यानं लोक एकमेकांना फोडत होते. हळदीच्या भंडाऱ्याची पिशवी फुटली होती आणि सगळ्यांची तोंडं पिवळी आणि लाल झाली होती.

आणि तू? तू ती चावी आडवी धरलीस आणि "मागं व्हा, मागं व्हा" म्हणत आम्हाला रेटायला लागलास. तुझी पाठ त्यांच्याकडं होती आणि छाती आमच्याकडं. बोटं आमची तुटली होती, मल्हार. माणूस कुणाला अडवतो त्यावरून तो कुणाचा आहे ते कळतं.

मग समोर आबा आले.

आता तू लिहिलेलं नाहीस ते मी लिहिते. पहिल्या पत्रात मीही लिहिलं नाही. तू त्यांना पाहिलंस. तू म्हणालास, "आबा, तुम्ही बाजूला व्हा," आणि आडव्या चावीनं त्यांनाही छातीवर रेटलंस. म्हातारा दोन पावलं मागं गेला. तुझ्याकडं पाहिलं. तू त्यांच्याकडं पाहिलंस. आणि मग काठी आली. पहिला घाव हातावर बसला. ज्वारीचं वाळलं ताट मोडावं तसा आवाज झाला, तो मला ढोलाएवढा मोठा ऐकू आला. दुसरा खांद्यावर. तू चावीवर पडलास. तिसरा डोक्यावर येत होता.

तो तिसरा घाव कुणी धरला? म्हस्कूनं. मागून झडप घालून काठी हवेतच धरली, म्हाताऱ्याच्या हातातून हिसकली. आणि तुझ्या मोडक्या हाताला फेटा सोडून कुणी बांधला? सिद्धूनं. पोलीस आले तेव्हा काठी म्हस्कूच्या हातात होती आणि तुझं रक्त सिद्धूच्या सदऱ्यावर. त्यांनी जे दिसलं ते पाहिलं. मानसिंगलाही नेलं; तो दवाखान्यातून सरळ कोठडीत गेला. पण या दोघांची नावं घालायला तू होतास. ज्यानं तुझं डोकं वाचवलं आणि ज्यानं तुझं रक्त थांबवलं, त्या दोघांची नावं तू दिलीस.

मला ठाऊक आहे का दिलीस. पोटच्या पोराला बापानं झोडपलं, हे तुला तोंडानं म्हणवेना. म्हाताऱ्याला तुरुंगात धाडवेना. दादासोंना दोन नावं हवीच होती, ती हाताशी होती. मल्हार, तू जबाबातही टप्पाच संपवलास. काम झालं, कागद पुढं गेला. कशासाठी जबाब देतात, ते राहिलं.

म्हस्कू गप्प का आहे हे मी त्याला परवा विचारलं. म्हणाला, "सासऱ्याचं नाव कुठं घ्यू? आन् मल्हारला खोटा कुठं पाडू? बसतो की हितंच. शेंगदाणं तेवडं आन." असा माणूस आहे. माझा संसार आहे म्हणून सांगत नाही, तो कोठडीत बसून तुझी लाज राखतोय म्हणून सांगते.

आणि आबा? आबा ठाण्यात गेले होते, मला न विचारता, एसटीनं. फौजदारापुढं उभे राहिले. "त्या काठीचं लोखंडी कडं म्या बसीवलंय. काठी माजी हाय. पोराला म्या मारलंय." फौजदार माणूस वाईट नाही. त्यांना बसवून पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा, जखमी स्वतः दुसरी नावं सांगतोय. तुम्ही जावयाला सोडवायला आलाय, हे मला कळतंय. जखमीच उलट बोलला तर मी लिहीन." हात हलवत परत आले. दिवसभर डोणीच्या काठावर बसून राहिले. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते, कारण मी आयुष्यभर भाषणं केली, पण असं बोलले नाही.

"येडक्याला म्या उभ्या जलमात दोन घाव घातलं न्हाईत, नकोशे. येक घातला की त्यो फिरतोय. पैला घाव पान्यासाठी हुता. त्यो म्या देवापुढं बी सांगीन. दुसरा माजा हुता. त्येनं मला रेटलं, म्हून त्यो बसला. त्या दुसऱ्याची शिक्षा मला पायजे. ती म्हस्कूला कशी चालंल?"

 मी वाचलेल्या कुठल्याही क्रांतीत कुणी आपल्या घावांची अशी वाटणी केलेली नाही. लढाई पाण्यासाठी सुरू होते आणि मध्येच कुठंतरी आपली होते, आणि त्या जागेवर कुणाचं बोट नसतं. म्हाताऱ्यानं ठेवलं. मी कठड्यावरून ते वाक्य फेकलं तेव्हा माझ्या मनात दादासो होते. वाक्य माझं, काठी त्यांची, हाड तुझं. दादासोंच्या कपाळाला तीन टाके पडले आणि परवापासून ते मळ्यात फिरतात.

आता पुढचं. रविवारी, दहा तारखेला, इंदापुरात सर्वसाधारण सभा आहे. मी ठराव मांडणार आहे. एक, शेवटच्या बांधाला पाणी उभं राहिल्याशिवाय कुठलाही टप्पा पुरा धरायचा नाही. भिंतीवर हिरवा रंग लावायचा तो तिथं ओलं झाल्यावर. काठच्या तोंडांना कुलूप आणि वाटप टोकाकडून. आणि दुसरा ठराव ऐकून वाडी माझ्यावर खवळली आहे. कामाचा प्रमुख मल्हारच राहील.

वाडीतला जोतीराम मला तोंडावर म्हणाला, "ज्येनं तहानेला ठिवलं त्येच्याच हातात पुन्ना चावी? भाऊ हाय म्हून व्हय?" मी म्हणाले, भाऊ आहे म्हणून नव्हे. पाइप कुठं वळतो, कुठला व्हॉल्व्ह किती दाबला की कुठं किती जातं, हे तालुक्यात त्याच्या एकट्याच्या डोक्यात आहे. उलटं उघडत यायला तोच पाहिजे. नवा आणला तर तोही पहिल्यापासूनच सुरुवात करील, कारण सगळे तसंच शिकून येतात. याला रीत शिकवून झाली आहे. जरा महागात शिकवली. त्यावर जोतीराम म्हणाला, "मग दुसरा हात शाबूत ठिवू."

काठचे लोक विरोध करतील. करू देत. त्यांच्या उसाची मी शत्रू नाही. एडकाही पितोच. पण शेवटी.

मी ठराव मांडीन, पण कामाचा प्रमुख खोटा जबाब देऊन बसला असेल तर कुठल्या तोंडानं मांडू? ज्याला समोरच्या माणसाचं नाव खरं सांगता येत नाही, त्याच्याकडून पाणी खरं कुठवर पोचलं हे कोण ऐकून घेईल? म्हणून आधी जबाब. उद्या सोमवारी मी हे पत्र एका माणसाच्या हाती देते आहे, आणि बुधवारी मी आणि आबा पहिल्या गाडीनं निघून पिंपळीला येतो. फौजदारानं बारामतीचा एक जमादार पाठवायचं कबूल केलंय. तू आबांच्या समोर सांगायचंस, पहिला घाव कुणी घातला, दुसरा कुणी घातला, तिसरा कुणी अडवला. आबा मान हलवतील. मग त्यांना नेतील. नेऊ देत. त्यांना जायचं आहे. जामिनाचं मी बघते. सभेपर्यंत ते बाहेर असतील, आणि नसले तर मी आणखी मोठ्यानं बोलेन.

तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन. इंदापूरच्या चौकात, ट्रॉलीवर उभी राहून, माझ्या बापाचं नाव घेऊन आणि तुझं नाव घेऊन. म्हस्कू मला कधी क्षमा करणार नाही, तू करणार नाहीस, आबा करतील. मला कुणाच्या क्षमेवर जगायचं नाही. पण ते मी सांगण्यात आणि तू सांगण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या तोंडून गेलं तर ते भाषण होईल.

आणखी एक. पोलिसांना व्हॉल्व्हची चावी सापडलेली नाही. चेंबरवर पहारा आहे, पण व्हॉल्व्ह फिरवायला हत्यारच नाही, दादासोही शोधतायत. तू तिच्यावर पडला होतास आणि जीपमध्ये चढवताना मूठ सोडली नव्हतीस, हे मी पाहिलंय. मनिषा, ती तिथं पिंपळीलाच कुठंतरी भिंतीला उभी असणार. लपवली असशील तर काढून ठेव.

मल्हार, तुझा हात चार महिने जड काही उचलणार नाही असं डॉक्टर म्हणाले म्हणे. चावी एकट्यानं फिरवायची असं कुठं लिहिलंय? आडवी मूठ दोन बाजूंना आहे. एका बाजूला तुझा डावा हात लागेल. दुसऱ्या बाजूला आबांचे दोन्ही हात आहेत, आणि तुला ठाऊक आहे, ते अजून चांगले चालतात.

त्यांनी डोण पुन्हा घासून ठेवली आहे.

बुधवारी दार उघडं ठेव.

तुझी,
आक्का